येऊरच्या माळावर परागवाहकांची नोंद घेण्यापूर्वी

ठाण्याजवळच्या येऊरला परागवाहकांची, म्हणजे फुलांचे पराग वाहून नेणाऱ्या कीटकांची, नोंद घ्यायला जायचे ते सप्टेंबरअखेर, पावसाने चांगली उघडीप दिल्यावर. त्या दिवसांत तेरडा, कुर्डू आणि खुळखुळा फुललेले असतात आणि गवतही अजून वाळलेले नसते. येथील बराचसा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येत असल्याने तारीख ठरवण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी हाती असावी. कीटक पकडण्यासाठी ठेवतात त्या साबणाचे पाणी भरलेल्या रंगीत वाट्यांत सापडेल तो कीटक मरतो, म्हणून पहिल्या पाहणीत त्या टाळाव्यात आणि केवळ डोळ्यांनी व कॅमेऱ्याने नोंद घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उघडा माळ, झुडपी रान आणि पानझडी जंगलाची कड या तिन्ही ठिकाणी प्रत्येकी २०० मीटरच्या दोन वाटा आधीच आखून ठेवाव्यात आणि प्रत्येक वाटेला सारखाच वेळ द्यावा. एरवी जिथे अधिक रेंगाळलो तिथेच कीटक अधिक दिसतात आणि तुलना फसते. घाणेरीवर फुलपाखरांची झुंबड उडते, तेवढ्यावरून जागा समृद्ध मानण्याची चूक सहज होते, म्हणून कीटकासोबत फुलाचे नाव आणि उमललेल्या फुलांची संख्या लिहिण्यासाठी तक्त्यात स्वतंत्र रकाने असावेत.

कीटक फुलावर येऊन नेमके काय करतो, यासाठीही एक रकाना हवाच. निळ्या पट्ट्यांची मधमाशी तेरड्याच्या फुलात शिरते तेव्हा वरच्या बाजूचे पराग तिच्या पाठीला लागतात. खुळखुळ्यावर मात्र जड भुंगा बसला की त्याच्या भाराने खालच्या पाकळ्या दबतात आणि टोकातून पराग बाहेर येऊन त्याच्या पोटाला चिकटतात. हे दिसायला फुलापासून हातभर अंतरावर दहा मिनिटे निश्चल बसावे लागते. दहा मिनिटांत कोणीच आले नाही, तर तिथे शून्य लिहावे, रकाना कोरा सोडू नये. मधमाशीसारख्या दिसणाऱ्या पट्टेरी माश्यांना दोनच पंख आणि आखूड मिशा असतात, हे सोबत्यांना छायाचित्रे दाखवून आदल्या दिवशीच समजावून द्यावे.

पिशवीत पाणी, पेन्सिली, जाड कागदाचे तक्ते आणि भिंग असावे. पायांत घोट्यापर्यंतचे बूट हवेत, कारण गवतात फुरसे असू शकते. बिबट्याचा वावर असल्याने एकट्याने जाऊ नये आणि उन्हे उतरण्याआधी परतावे. छायाचित्रांना क्रमांक त्याच संध्याकाळी द्यावेत. दुसऱ्या दिवशी कोणता भुंगा कोणत्या वाटेवरचा होता हे आठवत नाही.