तडा बुजवण्याची घाई करू नका

परभणीतलं आमचं घर वडिलांनी १९६८ साली बांधलं. विटांच्या भिंती, दगडी जोतं, आणि खाली आपली काळी जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेताला भेगा पडतात, तेव्हा जोत्याखालचीही माती हललेली असते. म्हणून आमच्या भागात घराच्या पायाचं दुखणं एका दिवसात ओळखता येत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरका तडा गेला होता. गवंड्याने तो दोनदा सिमेंटने भरला, दोन्ही वेळा पुढच्या उन्हाळ्यात तिथेच उकलला. तिसऱ्यांदा मी भरू दिला नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली आणि मधोमध काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली. मार्चमध्ये लावलेली काच एप्रिलअखेर बरोबर मधोमध तडकली. भिंत खरंच हलत होती.

तुम्हीही असंच करा आणि दर महिन्याला रुंदी मोजून वहीत लिहा. पावसाळ्यात तडा मिटत असेल तर मातीच्या फुगण्या-आकसण्याचा खेळ आहे. बारा महिने वाढतच गेला तर पाया खचतोय असं समजा.

प्लास्टरवरच्या केसासारख्या जाळीदार भेगांनी घाबरू नका. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा चढणारा, आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसणारा, एका टोकाला रुंद असलेला तडा मात्र गंभीर. वर रुंद असेल तर बहुधा घराचा कोपरा खाली बसतोय. दारं उन्हाळ्यात तपासा. पावसाळ्यात लाकूड फुगून चांगलं दारही अडकतं. उन्हाळ्यातही दार चौकटीला एकाच कोपऱ्यात घासत असेल तर चौकट तिरकी झालीय का, ते ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावून बघा. जोतं आणि अंगणाची फरशी यांत फट पडलीय का, तेही पाहा.

मग पाणी शोधा. आमच्या न्हाणीच्या पाइपाचा सांधा जमिनीत फुटला होता. तो कोपरा वर्षभर ओला, आणि स्वयंपाकघराकडचा, जिथे सहा फुटांवर लिंब आहे, तो उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. एक बाजू फुगलेली, दुसरी बसलेली. मधली भिंत फाटणारच. लिंब तोडायचा सल्ला पुष्कळांनी दिला. तो ऐकला नाही हे बरं झालं, कारण काळ्या मातीतलं मोठं झाड एकदम तोडलं की मुळं जे पाणी शोषून घ्यायची ते जमिनीतच साठतं आणि माती उलट फुगते.

तड्यात पेन्सिल शिरत असेल, भिंतीला पोट आलं असेल किंवा तुळईचं टोक भिंतीतून सरकलेलं दिसलं, तर वर्षभर थांबू नका. त्या खोलीत झोपणं बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. हे काम गवंड्याचं नाही.

आम्ही पाइप बदलला आणि इंजिनिअरच्या सांगण्यावरून घराभोवती तीन फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी केली. दुसरी काच लावून दोन उन्हाळे झाले, ती अजून अखंड आहे. आता दिवाळीआधी तडा भरून घेणार आहे.