राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या मैत्रीपूर्ण सामन्यासाठी प्रतिस्पर्धी कसा निवडतात

आधी तारीख पक्की करा, नावं मागाहून. फिफाच्या विंडोत, म्हणजे राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या दिवसांत, क्लबला खेळाडू सोडावाच लागतो; विंडोबाहेर तो नाही म्हणू शकतो. शिवाय विंडोबाहेरच्या मैत्रीपूर्ण सामन्याचं क्रमवारीतलं वजन (गुण काढताना ज्याने गुणतात तो आकडा) ५ आणि विंडोतल्याचं १०, म्हणजे थेट निम्मं. नेहमीच्या नऊ-दहा दिवसांच्या विंडोत जेमतेम दोन सामने बसतात. त्यातला एक पात्रता फेरीचा असेल तर उरला एकच, आणि तो रंगीत तालमीसाठी वापरायचा.

तालीम कशाची, हे पुढचा सामना ठरवतो. समोरचा संघ मागे दाटीने बसून प्रतिहल्ले चढवणारा असेल, तर तसाच संघ शोधा. मार्च २०२५ मध्ये भारताने शिलाँगला मैत्रीपूर्ण सामन्यात मालदीवला ३-० असं हरवलं आणि सहाच दिवसांनी त्याच मैदानावर पात्रता फेरीत बांगलादेशने ०-० असं रोखलं. दुबळ्या संघावर गोल चढवून आत्मविश्वास येतो, हे खरं. पण आपल्या बचावफळीची परीक्षा राहूनच जाते.

आता गुणांचं गणित. २०१८ पासून फिफा दोन्ही संघांच्या गुणांतल्या फरकावरून अपेक्षित निकाल काढते आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून किती वर-खाली, त्यावर गुण देते किंवा कापते. समजा तुमचे १२०० गुण आहेत. विंडोत १३०० गुणांच्या संघाला हरवलंत तर सुमारे ६ गुण मिळतात, बरोबरीलाही जवळपास १, आणि हरलात तर ४ जातात. तेच ९०० गुणांच्या संघाविरुद्ध: विजयाला जेमतेम २.४, बरोबरी झाली तर उलट २.६ वजा, पराभवाला ७.६ वजा. म्हणून यादी करताना क्रमांकाआधी गुणांचा रकाना बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये हैदराबादला मॉरिशसशी झालेली गोलशून्य बरोबरी भारताला अशीच महागात पडली.

ही काटकसर हास्यास्पद वाटेल, पण स्पर्धेचे गट पाडणाऱ्या सोडतीत, म्हणजे ड्रॉमध्ये, तुमचा पॉट (क्रमवारीनुसार केलेला संघांचा कप्पा; पहिल्यात सर्वांत वरचे) यावरच ठरतो. जुन्या पद्धतीत सरासरी काढत आणि मैत्रीपूर्ण सामने ती खाली ओढत. पोलंडने २०१७ मध्ये जवळपास वर्षभर ते टाळले आणि विश्वचषकाच्या ड्रॉमध्ये पहिल्या पॉटात जागा मिळवली. आता न खेळून गुण वाढत नाहीत, त्यामुळे ती युक्ती बाद झाली.

कोण मोकळं आहे, हा प्रश्न मात्र गणितापेक्षा अवघड. २०१८ मध्ये नेशन्स लीग ही युरोपीय राष्ट्रीय संघांची स्पर्धा सुरू झाल्यापासून युरोपीय संघांच्या तारखा आपसांतच भरतात. मार्च २०१९ मध्ये चेक प्रजासत्ताकाशी खेळल्यानंतर ब्राझीलला थेट २०२२ च्या विश्वचषकापर्यंत युरोपीय प्रतिस्पर्धी मिळाला नाही. ब्राझीलची ही गत, तर इतरांनी काय अपेक्षा धरावी? अशा वेळी तिरंगी स्पर्धा सोयीची: एका ठिकाणी दोन पाहुणे बोलवा, प्रत्येकाला दोन सामने मिळतात. इंफाळला मार्च २०२३ मध्ये भारत, म्यानमार आणि किर्गिझस्तान असे तिघे होते.

मैदान निवडताना नकाशा जवळ ठेवा. एका विंडोतले दोन सामने शक्यतो एकाच खंडाच्या महासंघाच्या हद्दीत लागतात. त्यांतला एक मैत्रीपूर्ण असेल तर दोन वेगवेगळ्या हद्दी चालतात, पण दोन मैदानांत विमानाचे पाच तास आणि दोन टाइम झोन यांहून जास्त अंतर नको. बहुतेक खेळाडू युरोपात खेळत असल्याने जपानने सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिका आणि इक्वेडोरशी सामने ड्युसेलडॉर्फला घेतले. हवामानाचा नेम नसतो, म्हणून प्रवासात एक दिवस राखीव हवाच. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉर्डनला निघालेले भारताचे काही खेळाडू पावसामुळे कुवेतला अडकले होते.

सगळं जमलं की कागद. विमानाची तिकिटं, हॉटेल, सरावाचं मैदान आणि मानधन कुणाकडे, टीव्हीचे हक्क कुणाचे, रद्द झाल्यास भरपाई किती, हे लिहून घ्या. पाहुण्यांचा मुख्य संघच येणार, हेही करारात हवं. नाहीतर २३ वर्षांखालचे खेळाडू उतरतात आणि तिकिटं काढलेला प्रेक्षक बोंब मारतो. बदली खेळाडूंची नियमातली मर्यादा ओलांडलीत तर सामना अधिकृत आंतरराष्ट्रीय म्हणून धरला जात नाही, गुणही मिळत नाहीत. प्रशिक्षकाला सगळ्यांना खेळवायचंच असेल, तर दुसऱ्या दिवशी बंद दाराआड स्थानिक क्लबशी सराव सामना ठेवा.