समुद्र बंद असताना हप्ता कोण भरणार?

पहिल्या नोकरीत बनवलेली माझी पहिली एक्सेल शीट अजून डोळ्यांसमोर आहे. मासळी विकणाऱ्या बायकांची एक सहकारी संस्था होती. तिला सौर ऊर्जेवर चालणारं बर्फाचं यंत्र घ्यायचं होतं आणि आमचा फंड कर्ज देणार होता. मी पाच वर्षांचं वेळापत्रक मांडलं: साठ ओळी, साठ हप्ते, सगळे सारखे. शेजारच्या रकान्यात डिझेल वाचून किती टन कार्बन कमी होणार तो आकडा. शीट देखणी झाली होती. बैठकीत संस्थेच्या खजिनदारबाईंनी चष्मा वर सरकवला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पहिल्या वर्षातल्या तीन ओळींभोवती पेनाने गोल काढले आणि विचारलं, "या महिन्यांत समुद्र बंद असतो. तेव्हा हप्ता कोण भरणार, तुम्ही?"

मासेमारीबंदी असते हे मला ऐकून माहीत होतं. पण शीट बनवताना ते डोक्यातच आलं नाही. कार्बनचा आकडा मात्र मी तीनदा तपासला होता.

हवामान बदलाशी झुंजणाऱ्या कामांना पैसा पुरवायच्या या क्षेत्रात येऊ पाहणारे बरेच जण मला विचारतात की हवामानशास्त्राची पदवी नाही, मग आमचं काय? माझीही नाही. मी वाणिज्य शाखेची. इथलं निम्मं काम कर्ज, अनुदान, वसुली आणि करारनामे यांचं असतं. हवामान न्याय हा शब्द त्या कागदांमध्ये कुठे बसतो (किंवा कुठे बसत नाही) ते ओळखता येणं, ही खरी कमाई.

तत्त्व समजायला फार वेळ लागत नाही. ज्यांनी धूर सगळ्यांत कमी सोडला, त्यांच्याच दारात पाणी आधी येतं, आणि ते उपसायला त्यांच्याकडेच पैसे सगळ्यांत कमी असतात. वानुआतू या छोट्या बेटराष्ट्राने १९९१ साली बेटराष्ट्रांच्या वतीने मागणी केली की समुद्राची पातळी वाढून होणाऱ्या नुकसानीची भरपाई औद्योगिक देशांनी करावी. हानी आणि नुकसानीसाठी स्वतंत्र निधी उभारायचं मान्य व्हायला २०२२ची इजिप्तमधल्या शर्म अल शेखची संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद उजाडली, आणि त्याची चौकट मंजूर झाली २०२३ साली दुबईत. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं.

पैशांच्या घोषणांचंही तसंच. २००९ साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केलं की २०२०पर्यंत विकसनशील देशांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबानुसार तो आकडा गाठला गेला २०२२ साली. त्यातल्या सरकारी पैशाचा सुमारे ७० टक्के भाग कर्जाच्या रूपात होता. म्हणजे त्यांच्या गाड्यांच्या धुराने आमचा बांध फुटला, तर नवा बांध बांधायला त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे आणि व्याजासकट परत करायचे! नवीन माणसाला माझी पहिली सूचना हीच असते: कुठलाही मोठा आकडा दिसला की त्यात अनुदान किती आणि कर्ज किती, हे आधी शोधायचं. दक्षिण आफ्रिकेला कोळशातून बाहेर पडण्यासाठी २०२१ साली ८.५ अब्ज डॉलरचं आश्वासन मिळालं, त्याचा खूप गाजावाजा झाला. पुढच्या वर्षी तपशील बाहेर आला तेव्हा त्यात अनुदान होतं जेमतेम ४ टक्के.

दुसरा प्रश्न, पैसा शेवटी कुठवर पोचतो. लंडनच्या आयआयईडी या संस्थेने २००३ ते २०१६ या काळातल्या आंतरराष्ट्रीय हवामान निधींचा माग काढला. स्थानिक पातळीवरच्या कामांसाठी १० टक्क्यांहूनही कमी रक्कम ठेवलेली होती. कारण शोधायला लांब जायला नको. एका लहान गटाला अनुदान मिळवून द्यायला मी एकदा दोन महिने अर्ज भरत बसले होते. देणाऱ्या संस्थेला तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, खरेदीचं लेखी धोरण आणि जोखमीचा तक्ता हवा होता. गटाकडे एक वही होती. वही चोख होती, पैशापैशाचा हिशेब होता, पण अर्जात वही जोडायची सोयच नव्हती. ते अनुदान शेवटी एका मोठ्या सल्लागार कंपनीमार्फत आलं आणि वाटेत तिचा वाटा कापला गेला. आता मी कुठल्याही फंडाचा अर्ज हातात घेतला की आधी बघते, यात वही चालेल का.

धंद्यांकडे वळू. 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग' हा शब्द २००७ सालचा, इटलीतल्या बेलाजिओ इथे रॉकफेलर फाउंडेशनने भरवलेल्या बैठकीत रूढ झाला. नफाही हवा आणि समाजाचं मोजता येईल असं भलंही हवं, अशी ती कल्पना. पण हरित धंदा आणि न्याय्य धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलाखतीला जाण्याआधी हा फरक पक्का डोक्यात बसवा. केनियाच्या उत्तरेतला लेक तुर्काना पवनऊर्जा प्रकल्प घ्या. ३६५ पवनचक्क्या, ३१० मेगावॅट. टनांच्या रकान्यात बघाल तर नाव ठेवायला जागा नाही. पण जमीन होती गुरं चारणाऱ्या समाजांची. ती घेताना कायद्याची रीत पाळली नाही, असा निकाल तिथल्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये दिला. तोवर पाती फिरायला लागून काही वर्षं झाली होती. गुंतवणूक समितीपुढे टिपण ठेवणाऱ्या कुणीतरी 'जमिनीचे हक्क' या ओळीपुढे बरोबरची खूण केली असणार. ती खूण करणारा माणूस उद्या तुम्ही असाल.

विम्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सध्या या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना त्याचं फार आकर्षण आहे. नुकसानीचा पंचनामा न करता वाऱ्याचा वेग, पाऊस किंवा तापमान ठरलेल्या आकड्यापलीकडे गेलं की आपोआप पैसे, असा हा निर्देशांकावर चालणारा विमा. कॅरिबियन देशांचा असा सामाईक विमानिधी २००७पासून आहे आणि तो १४ दिवसांत पैसे देतो. ही सोय मोठीच आहे. पण जुलै २०२४मध्ये बेरिल चक्रीवादळाने जमैकाला झोडपलं तेव्हा त्या देशाच्या १५ कोटी डॉलरच्या आपत्ती रोख्यातून (ठरलेली आपत्ती आली की गुंतवणूकदारांचे पैसे देशाला मिळतात, असा रोखा) छदामही मिळाला नाही. करारात हवेच्या दाबाचा जो आकडा होता, तेवढा दाब उतरला नव्हता. घरांची छपरं गेली होती, पण करारात छपरांचा उल्लेख नव्हता. शिवाय मूळ प्रश्न उरतोच: हप्ता भरायचा कुणी? ज्याचं घर बुडणार त्यानेच भरायचा असेल, तर तो विमा आहे, चांगला विमाही असेल, पण त्याला न्याय म्हणू नका.

चलनाचं एक सांगते, कारण अभ्यासक्रमात ते सहसा नसतं. कर्ज डॉलरमध्ये, कमाई स्थानिक चलनात, असं असेल तर चलन घसरलं की हप्ता फुगतो, आणि ही जोखीम गुपचूप सगळ्यांत अशक्त माणसाच्या गळ्यात पडते. ती आपल्या अंगावर घेणारी टीसीएक्स नावाची संस्था २००७पासून आम्स्टरडॅममध्ये काम करते. एका मुलाखतीत मी विचारलं की चलनाची जोखीम कोण घेतं, तेव्हा समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. ती नोकरी मी घेतली नाही.

तुम्हीही विचारा. गुंतवणूक समितीवर कोण बसतं, ज्यांच्यासाठी पैसा आहे त्यांच्यापैकी कुणी आहे का. हप्ता चुकला तर पुढे काय होतं. पूर्व आफ्रिकेत रोज थोडे पैसे भरून सौर दिवा वापरायची पद्धत रुजली आणि लाखो घरांत उजेड आला, हे खरंच. पण पैसे थांबले की त्यातली बरीच उपकरणं दुरूनच बंद करता येतात. तसं करावं की नाही, केव्हा करावं, यावर फंडाला स्वतःचं काही मत आहे का ते ऐका. मत नसेल तर तेही कळेलच. पगार बँकेपेक्षा कमी असतो, हे मुलाखतीला जातानाच गृहीत धरा.

तयारी म्हणून पैसे भरून प्रमाणपत्रं गोळा करत बसू नका. ग्रीन क्लायमेट फंड हा विकसनशील देशांसाठीचा आंतरराष्ट्रीय हवामान निधी मंजूर प्रकल्पांचे प्रस्ताव आणि त्यांवरचे स्वतंत्र तज्ज्ञांचे अभिप्राय आपल्या संकेतस्थळावर ठेवतो. त्यातला एक घ्या आणि स्वतःचं दोन पानी टिपण लिहा: पैसे कर्ज की अनुदान, जोखीम कुणावर, निर्णय कुणाचा. मगच तज्ज्ञांचा अभिप्राय वाचा. स्थानिक नेतृत्वाच्या अनुकूलनाची (म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची) आठ तत्त्वं २०२१ साली जाहीर झाली, तीही शेजारी ठेवा. अशी चार टिपणं सोबत घेऊन मुलाखतीला आलेली मुलगी मी डोळे झाकून घेते, आजवर दोघी घेतल्या.

आणि तक्रारींच्या फायली वाचा. ग्रीन क्लायमेट फंडाचं स्वतंत्र तक्रार निवारण कार्यालय आहे, जागतिक बँक गटाच्या खासगी गुंतवणुकींबद्दलच्या तक्रारींसाठी सीएओ हे कार्यालय १९९९पासून आहे, आणि दोन्हीकडची प्रकरणं कुणालाही वाचता येतात. यशोगाथांमध्ये सगळे लाभार्थी सारखेच हसतात. तक्रारीत मात्र विहीर कुठली, वाट कुणी अडवली, बैठकीची नोटीस कुठल्या भाषेत लावली होती, हे सगळं असतं.

बर्फाच्या यंत्राचं राहिलंच. वेळापत्रक मी बदललं: बंदीच्या महिन्यांत हप्ता शून्य, हंगामात थोडा मोठा. आमच्या जोखीम विभागाने दोनदा परत पाठवलं, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये शून्य रकमेचा हप्ता म्हणजे थकबाकी. शेवटी त्या महिन्यांपुढे एक रुपया लिहिला. खजिनदारबाई दर वर्षी ते तीन रुपये एकदम, पावती मागून भरायच्या.