ओनिगिरी घरी करायचीय? आधी भात जमवा, सारण नंतर

ओनिगिरी, म्हणजे आत सारण भरलेला जपानी भाताचा गोळा, म्हटलं की सगळे पहिले विचारतात आत काय भरायचं, आणि मला दर वेळी वाटतं की अहो भाताचं विचारा ना, कारण आत जेमतेम चमचाभर सारण असतं आणि बाकी सगळा भातच. तो बिघडला तर आत कितीही महागाचा सामन मासा घाला, काही उपयोग नाही.

एक गोष्ट आधीच क्लिअर करते, ही सुशी नाही. सुशीच्या भातात व्हिनेगर आणि साखर असते, ओनिगिरीत फक्त मीठ, आणि तेही बहुतेक वेळा हाताला लावून बाहेरून. तांदूळ मात्र तोच, जॅपनीज आखूड दाण्याचा, दुकानात सुशी राइस म्हणून पाकीट मिळतं ते चालतं, त्यातली कोशिहिकारी ही जात मिळाली तर फारच छान. बासमती, कोलम विसरा, ते मोकळे होणारे तांदूळ आहेत, गोळा धरणारच नाहीत. रोजच्यासाठी मी आपला मावळातला इंद्रायणी वापरते, चिकट असतो आणि वासही मस्त येतो, चव जपानी तांदळासारखी नाही लागत पण गोळा छान धरतो. फक्त कुकरच्या शिट्ट्या नकोत, गिचका होतो, पातेल्यात करा आणि पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी ठेवा.

300 ग्रॅम तांदळाच्या साधारण सहा ओनिगिरी होतात. तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुवायचा, पहिलं पाणी घातल्या घातल्या लगेच ओतून द्यायचं कारण कोरडा दाणा तेच पाणी सगळ्यात जास्त पितो. मग उन्हाळ्यात अर्धा तास आणि थंडीत तासभर भिजत ठेवायचा, ही स्टेप गाळू नका, नाहीतर दाणा बाहेरून मऊ आणि मध्ये कच्चट राहतो. निथळून जाड बुडाच्या पातेल्यात, जपानी तांदूळ असेल तर एक कप तांदळाला (भिजवायच्या आधी मोजलेल्या) सव्वा कपाच्या जरा आतच पाणी, झाकण लावून उकळी आणायची, गॅस एकदम बारीक करून दहा-बारा मिनिटं, बंद करून परत दहा मिनिटं तसंच, आणि मध्ये झाकण उघडून बघायचं नाही. नंतर ओल्या लाकडी चमच्याने तळापासून हलक्या हाताने वरखाली करायचा म्हणजे जादाची वाफ निघून जाते.

आता वळायचं, आणि भात गरम असतानाच वळायचं, गार झाला की दाणे एकमेकांना धरत नाहीत मग आपण दाबत बसतो. आपला हात लाडवाला सरावलेला, घट्ट दाबून वळायची सवय, इथे बरोब्बर उलटं करायचंय. टोकियोत ओत्सुकाला बोंगो नावाचं दुकान आहे, 1960 पासूनचं, बाहेर लांब रांगा लागतात, तिथल्या ओनिगिरी चांगल्या मोठ्या असतात आणि तरी अगदी कमी दाबलेल्या, चावलं की भात तोंडात सुटतो. तेच पाहिजे, हातात धरली तर टिकली पाहिजे आणि तोंडात गेली की दाणा न् दाणा वेगळा लागला पाहिजे.

हात ओले करा, जास्तीचं पाणी झटका, तीन बोटांची चिमूट मीठ घेऊन दोन्ही तळव्यांना चोळा. शंभरेक ग्रॅम भात डाव्या हातावर घ्या, मध्ये खड्डा करा, सारण ठेवा, वरून थोडा भात टाकून झाका. मग डाव्या हाताने खालून आणि बाजूने आधार द्यायचा आणि उजव्या हाताची बोटं घराच्या छपरासारखी वाकवून वरून हलकं दाबायचं, तो त्रिकोणाचा एक कोपरा झाला, गोळा फिरवा, परत दाबा, परत फिरवा, तीन-चार वेळा केलं की बास. कडा थोड्या वेड्यावाकड्या राहिल्या तर राहू देत. आणि त्रिकोणच पाहिजे असंही काही नाही, ओसाकाच्या बाजूला लांबट पिंपासारखी पण करतात. चटके बसत असतील तर एका वाटीत क्लिंग फिल्म पसरून त्यावर मीठ भुरभुरा, भात-सारण-भात घाला आणि फिल्मसकट उचलून वळा. डब्यात न्यायची असेल तर मी हेच सांगेन, कारण उघड्या हाताचे जंतू भाताला लागून काही तासांत वाढू शकतात आणि आपल्याकडच्या उकाड्यात तर ही रिस्क नकोच.

सारणाचा नियम एकच, कोरडं आणि खारट. ओलं असेल तर भात भिजतो आणि तेल सुटलं की गोळा फुटतो. सगळ्यात जुनं सारण म्हणजे उमेबोशी, जर्दाळूच्या जातीतलं फळ भरपूर मिठात मुरवून वाळवतात, इतकं खारट-आंबट की एक पुरतं. ते नसेल तर बिनतेलाचं उपवासाचं लिंबाचं लोणचं चांगलं मुरलेलं असेल तर एक छोटी फोड ठेवून बघा, मला फार आवडतं. सामन मीठ लावून भाजून कुस्करायचा, रावसही असाच करता येतो, काटे मात्र नीट काढा. ट्यूना-मेयो तर मुलं हमखास खातात, डब्यातला ट्यूना अगदी पिळून घ्यायचा, मग मेयोनीज आणि दोन-चार थेंब सोया सॉस. व्हेजवाल्यांनी मशरूम बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत पार कोरडे होईपर्यंत आटवा, एक नंबर लागतात. आणि विकतचं फुरिकाके (भातावर भुरभुरायचा जपानी कोरडा मसाला) वापरणार असाल तर पाकीट वाचा, बऱ्याच वेळा त्यात सुकवलेल्या मासळीचा कीस असतो.

नोरी, म्हणजे बाहेरून गुंडाळायचा वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ कागद, खायच्या क्षणाला लावा. आधी लावून ठेवली की भाताची वाफ पिऊन मऊ पडते, काही जणांना तशीच आवडते म्हणा, पण मला तो कुरकुरीत आवाज पाहिजे. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीने 1978 मध्ये नोरी आणि भात यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पडदा असलेलं रॅपर आणलं ते एवढ्याचसाठी, खाताना पट्टी ओढली की पडदा निघतो आणि कोरडी नोरी भाताला गुंडाळली जाते. घरी आपण डब्यात नोरी वेगळी द्यायची, बास. शीटचे तीन भाग करा, खरखरीत बाजू भाताकडे आणि चकचकीत बाहेर. पाकीट उघडल्यावर मऊ पडली असेल तर गॅसवरून लांबून एकदा झटकन फिरवा.

फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने स्टार्च आवळतो आणि भात खडखडीत होतो. त्याच दिवशी खायच्या नसतील तर एकेक फिल्ममध्ये गुंडाळून सरळ फ्रीझरला टाका, मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्या की परत मऊ होतात, फक्त मेयोवाल्या ठेवू नका, मेयो फुटतं. बिनसारणाच्या एखाद-दोन उरल्या तर तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू कोरड्या भाजा, मग ब्रशने सोया सॉस लावून परत भाजा, असं दोन-तीनदा, आधीच सॉस लावलात तर चिकटून करपतं. बाहेरून खमंग पापुद्रा येतो, त्याला याकी ओनिगिरी म्हणतात, आणि या भाजायच्या असतात म्हणून वळतानाच नेहमीपेक्षा थोड्या घट्ट वळा, नाहीतर उलटताना तव्यावरच सुटतील.