गुडघे, कंबर साथ देत नसेल तर फिशटँकचा फिल्टर असा सोपा करा

वाशीत आमच्या शेजारच्या काकूंना संधिवात आहे, कॅनिस्टर फिल्टरचे (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) क्लिप उघडणं त्यांना जमेना म्हणून हा सेटअप करून दिला. कॅनिस्टर काढा आणि एअर पंपवर चालणारे दोन स्पंज फिल्टर लावा, पण जुना लगेच बंद करू नका हां, नवे स्पंज त्याच्यासोबत ४ ते ६ आठवडे चालू दे म्हणजे त्यात बॅक्टेरिया बसतील, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाणारे तेच तर असतात. नंतर एका वेळी एकच स्पंज, तोही टँकमधूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बोटं दुखत असतील तर तळहाताने दाबा. नळाखाली अजिबात नको, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात.

एअर पंपच्या नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी छोटी झडप) टाकाच, लाइट गेली की पाणी उलटं पंपात येतं.

बादल्या उचलणं पण बंद, १५ लिटर म्हणजे १५ किलो झालं की! छोटा सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालणारा) पंप आणि लांब पाइप घ्या, पाणी थेट बाथरूममध्ये. भरताना ड्रममधल्या पाण्यात डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं औषध) टाकून तोच पंप वापरा. मासे कमी ठेवा, मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडा, अमोनियापासून शेवटी बनणारं नायट्रेट तो ओढतो. गोल्डफिश मात्र शक्यतो टाळा, फार घाण करतात.