साइट बंद पडली तर काय करायचं: नागपूरच्या मिस्त्री, रेजा, सेंट्रिंगवाल्या भावा-बहिणींसाठी

साइट एका दिवसात बंद पडत नाही. बाहेरच्याले तसं वाटते, आतल्या माणसाले आधीच दिसून राहते. रेती-गिट्टीच्या गाड्या कमी होतात, शनिवारची खर्ची (आठवड्याच्या खर्चाचे पैसे) सोमवारवर जाते आणि मग पुढच्या आठवड्यावर, सेंट्रिंगचं सामान दुसऱ्या साइटवर हलते, इंजिनियर चक्कर मारणं कमी करतो, अन् ठेकेदार फोन उचलून "पाहतो ना भाऊ" एवढंच म्हणतो. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या की तयारीला लागा, कोणी येऊन सांगेल म्हणून थांबू नका. फ्लॅट विकले नाही की बिल्डर स्लॅब लांबवतो, सरकारी कामात बिल अडकते (२०२५ मध्ये राज्यभरातले कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर आले होते), पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात. हे आपल्या हातात नाही. काम सुटायच्या आधीच्या आणि नंतरच्या आठ-दहा दिवसांत आपण काय करतो ते मात्र पूर्ण आपल्या हातात आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच दिवसांत होते, कारण माणूस नवीन काम शोधायला पळतो आणि जुनी बाकी अन् जुने कागद तसेच सोडून देतो.

म्हणून पहिलं काम बाकीचा हिशोब. साइटवर माणसं आहेत, मुकादम भेटून राहिला, तोवरच बसून हाजरी जुळवून घ्या. किती दिवस भरले, किती उचल घेतली, किती खर्ची मिळाली, बाकी किती. मुकादमाच्या वहीतल्या आपल्या पानाचा फोटो काढा. तो नाही म्हणाला तर घरी येऊन आपल्या वहीत लिहा आणि तोच हिशोब त्याले व्हॉट्सअॅपवर पाठवा, "भाऊ, माझी बाकी एवढी निघते, बरोबर आहे ना" असं साध्या भाषेत. त्याने हो म्हटलं तर सोन्याहून पिवळं, काहीच नाही म्हटलं तरी तारखेसकट नोंद राहते. फोनपे-गूगलपेवर आलेली खर्ची पुरावाच आहे, ती हिस्ट्री मिटवू नका. साइटच्या बोर्डाचाही फोटो काढा, त्यावर बिल्डरचं नाव आणि बहुतेक वेळा महारेराचा (बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंद ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर असतो, तो नंबर महारेराच्या वेबसाइटवर टाकला की बिल्डरचा ऑफिसचा पत्ता निघतो. सरकारी काम असेल तर बोर्डावर खात्याचं अन् ठेकेदाराचं नाव असते.

हे एवढ्यासाठी सांगून राहिलो की ठेकेदार गायब झाला म्हणजे पैसे बुडाले असं नसते. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ज्याचं काम आहे त्याच्यावर जबाबदारी येते, हे कायद्यात आहे. आधी ठेकेदाराकडे मागा, मग बिल्डरच्या ऑफिसात चार-पाच जण मिळून जा, एकटे जाऊ नका आणि भांडायला जाऊ नका, हिशोबाचा कागद घेऊन जा. सरकारी काम असेल तर त्या खात्याच्या कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, कारण ठेकेदाराचं बिल तिथूनच निघते. तिथेही जमलं नाही तर सिव्हिल लाइन्सला कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे तक्रार होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन वेतन संहिता लागू झाली, तिच्याप्रमाणे कामावरून काढल्यावर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण पैसे द्यावे लागतात आणि मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. लगेच मिळत नाही, चकरा होतात, पण "आता काय मिळणार" म्हणून सोडू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा त्यांचा नंबर, बायांना आणि एससी-एसटीला तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

दुसरा कागद तितकाच महत्त्वाचा आणि बहुतेक जण तोच विसरतात: ९० दिवसांच्या कामाचं प्रमाणपत्र. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायला १८ ते ६० वय आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम लागते. दरवर्षी रिन्यूअललाही तेच प्रमाणपत्र लागते. चालू साइटवर ठेकेदार पाच मिनिटांत सही-शिक्का देतो, साइट बंद पडल्यावर तोच माणूस महिनाभर सापडत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात बाकीच्या हिशोबासोबतच सही घेऊन ठेवा, नवरा-बायको दोघंही साइटवर असाल तर दोघांची वेगवेगळी. ठेकेदार नसेल तर मनपाकडून किंवा गावी ग्रामसेवकाकडून मिळू शकते.

मंडळाची नोंदणी जवळपास फुकटच आहे. हे मोठ्याने सांगावं लागते, कारण एजंट लोक हजार-हजार रुपये घेऊन राहिले आणि पोराची स्कॉलरशिप आली की त्यातही वाटा मागतात. आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, फोटो आणि ९० दिवसांचा कागद घेऊन तालुका सुविधा केंद्रात स्वतः जा. आणि ज्यानं कधी घमेलं उचललं नाही त्याच्यासाठी खोटा कागद बनवायला मदत करू नका, त्यानं आपलेच अर्ज तपासणीत अडकतात.

मंदीत हे मंडळ कामाचं कसं? भांड्यांच्या सेटसाठी रांग लागते ते सगळ्यांना माहीत आहे, पण खरा पैसा पोरांच्या शिक्षणात आहे. १ ली ते ७ वी वर्षाला २,५०० रुपये, ८ वी ते १० वी ५,०००, अकरावी-बारावीला १०,०००, पदवीला २०,०००, दोन मुलांपर्यंत. शाळेत ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून काम सुटलं की पोरांना दोन-दोन महिने गावी नेऊन ठेवू नका, शाळाही बुडते आणि ही रक्कमही. बाळंतपणाला नॉर्मल असेल तर १५,०००, सिझर असेल तर २०,०००. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मंडळाने आधी २,००० आणि नंतर ३,००० रुपये खात्यात टाकले होते, ते ज्यांची नोंदणी चालू होती त्यांनाच मिळाले, ज्यांचं रिन्यूअल राहिलं होतं ते पाहत बसले. तेव्हा आपल्या रिन्यूअलची तारीख आजच बघा.

कंपनीच्या पेरोलवर होते त्यांनी यूएएन नंबर (पीएफचा कायमचा नंबर), आधार लिंक आणि नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या साइटवर चढली का ते पाहावं. तारीख नसली की पैसे अडकतात. कंपनीने टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपली आपण टाकता येते. पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कटत असेल तर सोमवारीपेठच्या त्यांच्या दवाखान्यात उपचार आणखी किती दिवस चालते ते विचारून घ्या.

घरचा खर्च. रेशन कार्डाची ई-केवायसी झाली नसेल तर करा, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो धान्य फुकट आहे. छत्तीसगड, बालाघाटकडून आलेल्या भावांनो, तुमचं कार्ड गावचं असलं तरी इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. दुखलं-खुपलं तर खाजगीत पैसे घालवायच्या आधी मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी दवाखान्यात जा, महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत.

कर्जाचं मात्र नीट ऐका. साइट बंद पडल्यावर सगळ्यात जास्त घरं गटाच्या फायनान्समध्ये (बायांच्या गटाला मिळणारं छोटं कर्ज) अडकतात, एक हप्ता भरायला दुसरं कर्ज, दुसऱ्यासाठी तिसरं, आणि गटातल्या बाया एकमेकींशी बोलेनाशा होतात. हप्ता चुकायच्या आधी ब्रँचमध्ये जाऊन सांगा की काम बंद आहे, हप्ता लहान करून मुदत वाढवून द्या, आणि हेच अर्जात लिहूनही द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे अशा कर्जांचे सगळे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नको, आणि वसुलीवाल्याने सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ-धमकी तर अजिबात नाही. मोबाइलवरच्या झटपट लोनच्या अॅपला हात लावू नका. फारच अडलं तर थोडं सोनं बँकेत ठेवणं परवडते, गल्लीतल्या सावकाराकडे नाही.

आता कामाचं बोलू, कारण योजनेवर घर चालत नाही. ठिय्यावर (रोजीच्या कामासाठी मजूर जमतात त्या चौकात) सकाळी उभं राहणं चुकीचं नाही, पण मंदीत तिथे माणसं दुप्पट होतात आणि भाव पडतो. माझं म्हणणं असं आहे की नवीन बांधकाम थांबते, दुरुस्ती थांबत नाही. लोकांना नवीन फ्लॅट परवडत नाही तेव्हा ते जुनंच घर सांभाळतात. त्रिमूर्तीनगर, महाल, नंदनवन, जरीपटका इकडे जुनी घरं किती आहेत पाहा, प्रत्येकाची गच्ची गळते, बाथरूमची ओल शेजारच्या भिंतीत येते, छपाई फुगते. आणि नागपूरचं वर्ष ठरलेलं आहे: मार्चमध्ये कूलर निघतात, तेव्हा स्टँडचं वेल्डिंग, पाण्याची लाइन, मोटर, खिडकी कापणं, मेमध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पाऊस यायच्या आत, पोळ्यानंतर पुट्टी-पेंट दिवाळीपर्यंत. या कॅलेंडरच्या महिनाभर आधी लोकांपर्यंत पोचलं पाहिजे.

पोचायचं कसं? हार्डवेअरवाल्याकडून. गिऱ्हाईक सिमेंटची एक थैली घ्यायला येते तेव्हा पहिला प्रश्न असतो "कोणी मिस्त्री आहे का". आपल्या भागातल्या तीन-चार दुकानांत आपलं नाव, नंबर आणि काय-काय येते ते लिहून द्या, अधूनमधून जाऊन भेटा. सोसायटीच्या चौकीदाराला आणि ज्यांच्या घरी आधी काम केलं त्यांना फोन करा, "दादा, गच्ची कशी आहे, यंदा पाहून देऊ का" एवढं विचारलं तरी काम निघते. प्रत्येक कामाचा आधीचा आणि नंतरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

घरगुती काम साइटपेक्षा वेगळं असते. तिथे हाजरी नाही, ठेका असतो, आणि ठेका चुकला की आपल्या खिशातून जातो. टेप लावून माप घ्या, चौरस फुटाचा भाव सांगा, मटेरियल शक्यतो मालकालाच आणायला लावा, काय येते आणि काय नाही ते व्हॉट्सअॅपवर लिहा (मलबा कोण उचलणार यावरूनच सगळ्यात जास्त भांडणं होतात). सुरुवातीला थोडे पैसे, अर्धं झाल्यावर काही, बाकी शेवटी. गच्चीचं काम झालं की पाइप बंद करून दोन-तीन इंच पाणी २४ तास भरून ठेवा आणि मालकाला खालून छत दाखवा, मग पैसे मागायला तोंड उघडावं लागत नाही.

भावाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. मंदीत रोजी पाडू नका. काम कमी असेल तर हाफ डे घ्या, दोन तासांचं काम दोन तासांच्या पैशात करा, पण दिवसाचा भाव तोच सांगा. एकदा मिस्त्रीचा भाव खाली आला की तेजी आल्यावर तो वर यायला फार वेळ लागतो, आणि रेजा बायांचा तर येतच नाही. ठिय्यावर आपसात बसून ठरवता येते, आणि ठरवलं पाहिजे.

हाताशी थोडा रिकामा वेळ आहे तर हुन्नर वाढवा. घरांवरच्या सोलरमध्ये नागपूर जिल्हा राज्यात पुढे आहे, २०२४ मध्ये पीएम सूर्यघर आल्यापासून ३ किलोवॅटला ७८,००० पर्यंत सबसिडी मिळते, म्हणून पॅनलचे उंच सांगाडे गच्चीगच्चीवर उभे होऊन राहिले. त्यात वेल्डर लागतो, पायाचे ठोकळे भरायला मिस्त्री लागतो, अर्थिंगला इलेक्ट्रिशियन लागतो. सोलरवाल्या एजन्सीकडे जाऊन आठ दिवस हेल्पर म्हणून राहिलं तरी काम समजते. गवंडी आणि सुतार यांना पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या योजनेत नाव टाकता येते, ट्रेनिंगच्या दिवसांत ५०० रुपये रोज, हत्यारांसाठी १५,००० चं व्हाउचर, आणि पाहिजे असेल तर ५ टक्के व्याजाने १ लाखाचं पहिलं कर्ज. एका घरातून एकच जण. कर्ज घ्याच असं मी म्हणत नाही, हत्यारं मात्र घ्या.

बाहेरगावी जायचं असेल, पुणे, हैदराबाद, कुठेही, तर निघायच्या आधी ठेकेदाराचं पूर्ण नाव, साइटचा पत्ता, भाव आणि राहण्याची सोय लिहून घ्या, नेणाऱ्याकडून मोठी उचल घेऊ नका. उचल फिटेपर्यंत माणूस हलू शकत नाही. कुही-भिवापूरकडचे लोक मिरचीच्या सातऱ्यावर (मिरचीचे देठ खुडतात तिथे), काटोल-नरखेडचे संत्र्याच्या तोडीवर हंगामात जातातच, रोजी कमी असली तरी घरून जाणं-येणं होते, भाडं वाचते. गावी जॉब कार्ड असेल तर रोजगार हमीचं काम लेखी अर्ज देऊन मागा, तोंडी मागितल्याचा पुरावा राहत नाही.

घरात बसून राहिलेला माणूस चिडतो, दारूकडे वळते, बायको-पोरांवर राग काढते. ज्याचं काम सुटलं त्याने सकाळची वेळ मोडू नये, रोजच्या वेळेला उठून निघावं, दुकानात जा, ओळखीच्याच्या साइटवर चक्कर मारा. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा, टेली-मानस आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि शेजारचा मिस्त्री चार दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी जाऊन या.

साइट पुन्हा सुरू झाली की जुना ठेकेदार फोन करेल, कारण त्याला ओळखीची माणसं पाहिजे असतात. त्या वेळी आपली बाजू थोडी वर असते. जायच्या आधी मागची बाकी क्लिअर करून घ्या, निदान अर्धी हातात आणि अर्धीची तारीख व्हॉट्सअॅपवर. आणि पहिल्या दिवसापासून हाजरी आपल्याही वहीत.