उन्हाळ्यातील नाट्यवाचनाची आखणी

एप्रिल-मे महिन्यांत अभिजात मराठी नाटके वाचावयाची असतील, तर यादी पाचापेक्षा मोठी करू नये. ठाण्यातील वाचकांनी १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात प्रती मिळतात का, हे आधी पाहावे.

आरंभ ‘संगीत सौभद्र’ (१८८२) आणि ‘संगीत शारदा’ (१८९९) यांनी करावा. संगीत नाटकातील पदे वगळून पुढे जाण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण वृद्ध भुजंगनाथाशी ठरलेल्या विवाहाच्या छायेत शारदा ‘मूर्तिमंत भीति उभी’ म्हणते, तेव्हा तिचे सारे भय त्या पदातच साठलेले असते. पद आधी वाचावे, मग त्याचे ध्वनिमुद्रण ऐकावे आणि प्रवेश पुन्हा वाचावा.

त्यानंतर ‘एकच प्याला’ घ्यावे. गडकऱ्यांची भाषा डोळ्यांनी भरभर वाचण्याची नव्हे, म्हणून रोज एकच अंक आणि तोही मोठ्याने वाचावा. घरातील कोणी तळीरामाची वाक्ये घेतली, तर फारच उत्तम. शेवटी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘नटसम्राट’ ठेवावीत. दोन नाटकांमध्ये चार दिवस मोकळे सोडावेत आणि त्या काळात गडकरी रंगायतनात एखादा प्रयोग असल्यास तो अवश्य पाहावा.